देखण्या, काय देऊ?

"अहो मिस्टर! तुमचा कचरा चावतो!"

आछुआनशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमकथा अशा वाक्यानं सुरू होत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण आमची झाली, त्याला मी काय करू?

तैवानच्या कीलुंग बंदरात पाऊस सकाळीही पडतो आणि दुपारीही पडतो, पण संध्याकाळचा तेवढा लक्षात राहतो, कारण तेव्हा घंटागाडी येते आणि आख्ख्या गल्लीला हातात पिशव्या धरून भिजत उभं राहावं लागतं. लांबून तिची ती टिणटिण धून ऐकू आली की शेगडीवरचं तसंच टाकून माणसं जिने उतरत धावत सुटतात. गाडी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. त्या दिवशी मी आमच्या दुकानाच्या पिशव्या घेऊन उभी होते, आणि वरच्या चढावरून एक उंच, किडकिडीत मुलगा धावत आला. पाठीला गिटार, दोन पायांत दोन तऱ्हेच्या सपाता. आला तो थेट माझ्यावर आदळला, आणि त्याच्या पिशवीतून डोकावणारी गिटारची एक तुटकी तार खस्सकन माझ्या तळहातात घुसली.

"चावतो?" तो धापा टाकत म्हणाला.

"रक्त आलंय! दिसत नाही का?"

त्यानं माझा हात धरला, दिव्याच्या खांबाखाली नेला आणि डॉक्टर असल्यासारखा वाकून बघू लागला. त्याच्या केसांतून पाणी माझ्या मनगटावर ठिबकत होतं.

"सगळ्यात बारीक तार आहे. सुटलात. जाड तार असती तर…"

"तर काय, हात तुटला असता?"

"नाही… आणखी थोडा वेळ धरावा लागला असता."

मी हात सोडवून घेतला. जरा उशिराच सोडवला, हे खरं. तेवढ्यात गाडी वळणावरून पुढे निघून गेली होती, आणि त्याची पिशवी अजून त्याच्याच हातात होती.

"गेली!" तो रडवेला होऊन म्हणाला. "आता हा कचरा आज माझ्यासोबत राहणार."

"राहू दे. एकटे राहता ना? सोबत होईल."

"तुम्हाला कसं कळलं एकटा राहतो ते?"

"सपाता बघा स्वतःच्या."

त्यानं खाली पाहिलं आणि हसला. असं हसला की माझा राग कुठल्या कुठे गेला, मेला. मी म्हटलं, "उद्या सकाळी खालच्या नाश्त्याच्या दुकानात या. माणसाला जखमी करून फुकट सुटता येत नाही."

आता आईचं सांगायला हवं. माझी आई दुकानाच्या तव्यामागे उभी राहिली की समोर कोण आहे ते बघत नाही. बाई असेल तर "सुंदरी, काय देऊ?" आणि पुरुष असेल तर "देखण्या, काय देऊ?" सगळ्याच नाश्तेवाल्या असं म्हणतात, पण आई जरा अतिच करते. बंदरावरचे दात पडलेले म्हातारे हमालसुद्धा तिचे देखणेच. मी तिच्या हाताखाली वाढले, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलेलं. हात धिरड्यावर, डोळे तेलावर, आणि तोंडानं आपलं "देखण्या, काय देऊ?"

दुसऱ्या दिवशी तो आला. केस विंचरलेले, सपाता एका जोडीच्या. मी मान वर केली, तोंड उघडलं… आणि नेहमीचं 'देखण्या' काही बाहेर पडेना.

"काय… काय पाहिजे?" मी म्हटलं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या पुढच्या माणसाला तुम्ही देखणा म्हणालात."

"मग?"

"त्याच्या नाकावर चामखीळ होती."

"धंद्याची बोली असते ती."

"मग मीही गिऱ्हाईकच आहे की."

"मुळ्याची वडी घेणार की धिरडं?" मी एवढ्या जोरात विचारलं की आईनं मागून वळून पाहिलं. तिनं त्याच्या ताटलीत एक वडी जास्त टाकली, आणि मला समजलं की हिला समजलंय.

मग तो रोजच यायला लागला. एकतीस वर्षांचा होता, स्वतः गाणी लिहायचा, स्वतः चाली लावायचा, स्वतःच खोलीत गाद्या उभ्या करून त्यांच्या आडोशाला ती रेकॉर्ड करायचा. मागे कंपनी नाही, कुणी मोठा माणूस नाही. आठवड्यातून कधीतरी बसनं तैपेईला जायचा, तळघरातल्या एखाद्या कॅफेत गायचा आणि त्याच बसनं परत. मीही जाऊ लागले. त्याच्या सीडी टेबलावर मांडून बसायचे. समोर बसलेल्यांत अर्धे लोक पुढच्या गायकाचे मित्र असायचे, आणि उरलेले पावसामुळे आत शिरलेले.

"आज गर्दी होती," एकदा परत येताना तो म्हणाला.

"त्यातली एक मी होते. आणि एक तर झोपला होता."

"माझ्या गाण्यानं झोप लागते, हे थोडं आहे का?"

अशा वेळी त्याच्यावर फार माया यायची, आणि भीतीही वाटायची. कारण व्हिएतनाममध्ये त्याच्या मामाचा बुटांच्या तळव्यांचा कारखाना होता, तिथली खुर्ची त्याची वाट बघत होती, आणि घरच्यांना त्यानं शब्द दिला होता: या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या संगीतमेळ्याच्या स्पर्धेत काही झालं तर ठीक, नाहीतर नव्या वर्षाला गिटार बंद. त्यानंतर तो तिकडे, मी इकडे. मधे अख्खा समुद्र.

"एकदा तरी म्हण ना," तो दुकान बंद करताना माझ्यामागे लागायचा. शटर खाली ओढताना मुद्दाम माझ्या हातावर हात ठेवायचा.

"काय?"

"तेच. ते म्हाताऱ्या हमालांना म्हणतेस ते."

"ते गिऱ्हाइकांचं आहे. ज्या दिवशी तू माझा कुणी नसशील ना, त्या दिवशी म्हणेन."

"म्हणजे आज कुणीतरी आहे?"

मी शटरला कुलूप लावलं. चावी दोनदा चुकली. तो हसत होता… आणि मी पण.

स्पर्धेसाठीचं गाणं त्यानं त्याच वसंतात लिहिलं. माझ्यावर. म्हणजे आमच्या पहिल्या भेटीवर, पण त्यात कचरा नव्हता, पाऊस होता आणि जिना होता. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर तो स्टुलावर बसला आणि डोळे मिटून म्हणू लागला…

*थांब जरा, आलो मी, आलो खाली,*
*हातात आहे दिवस सगळा…*
*नको ते सारे घेऊन जा तू,*
*तू मात्र थांब, तू मात्र थांब.*

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. इतकी साधी चाल, आणि पहिल्यांदा ऐकतानाच असं वाटलं की ही माझ्या लहानपणापासून कुठेतरी होतीच.

आई तवा घासत होती. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तशी तिनं हात पुसले, आत गेली, कचऱ्याची पिशवी घेऊन आली, तिला गाठ मारली आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"आई! गाणं चाललंय ना!"

ती दचकली. हातातल्या पिशवीकडे बघितलं. "अगं बाई… मी कशाला उठले?"

"मालकीणबाईंना माझं गाणं ऐकून कचरा आठवला," आछुआन पोट धरून हसायला लागला.

"नाही रे पोरा, चांगलं आहे तुझं गाणं. ओळखीचं वाटतं. अगदी आपलं वाटतं."

"बघ!" तो माझ्याकडे वळला. "लोकांना आपलं वाटतं तेच गाणं चालतं."

आणि सगळे तेच म्हणत होते. तैपेईतल्या कॅफेचा मालक म्हणाला, मेळ्यासाठी गाणी निवडणारे म्हणाले: चाल कशी जन्माची ओळखीची वाटते! शेकडो गाण्यांतून त्याचं गाणं अंतिम फेरीत गेलं. त्या संध्याकाळी त्यानं मला दुकानाच्या मागच्या जिन्यात घट्ट धरलं. त्याचं काळीज एवढं धडधडत होतं की मलाच म्हणावं लागलं, "अरे, जरा हळू… पळतंय कुठे?"

"शिनपै," तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला, "मला जायचं नाहीये गं."

"मग नको जाऊस."

किती सोपं वाटत होतं तेव्हा.

मेळ्याच्या दिवशी पाऊस नव्हता. वाळूवर माणसंच माणसं, कुणी चटया टाकून, कुणी थंड बियर घेऊन. मी अगदी पुढे बसले होते, कारण तो म्हणाला होता, मला तू दिसली पाहिजेस, मग मी गाईन. तो आला. पांढरा शर्ट, मीच इस्त्री केलेला. स्पर्धेवाल्यांनी साथीला मोठा वाद्यवृंद दिला होता, त्यातल्या कीबोर्डवाल्या पोरानं ती चाल उंच, टिणटिणत्या सुरात वाजवायला घेतली. खोलीत गिटारवर आम्ही ती नेहमी संथ, खालच्या सुरात ऐकलेली. तो माझ्याकडे बघून गाऊ लागला. थांब जरा, आलो मी, आलो खाली…

आणि माझा हात आपोआप शेजारच्या खरकट्याच्या पिशवीकडे गेला.

पिशवी हातात आल्यावर मला समजलं. आई दारात का उभी राहिली होती ते समजलं. कॅफेच्या मालकाला ओळखीचं काय वाटलं होतं ते समजलं. ज्या घंटागाडीच्या धुनीवर आम्ही पहिल्यांदा भेटलो, तीच धून त्याच्या गाण्यात उतरून बसली होती आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता. मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता… माझ्या हाताकडे.

"अरे, गाडी आली!" मागून कुणीतरी काका ओरडले. "पिशव्या आणा रे!"

आधी एक हसला, मग एक रांग, मग आख्खा किनारा. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हेच तर वाईट. लोक खूश झाले होते. हातातल्या पिशव्या उंच धरून डोलत होते. परीक्षक बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या, आणि ते काही गहिवराचं पाणी नव्हतं. आछुआननं गाणं सोडलं नाही. शेवटच्या 'तू मात्र थांब'पर्यंत गायला, वाकून नमस्कार केला आणि उतरला.

"मला सांग," मंडपामागे तो म्हणाला, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"देवाशपथ नाही."

"मलाही नाही." त्यानं शर्टाची बाही ओढून तोंड पुसलं. "आपली दोघांची चाल वाटली होती ती मला."

"आपलीच आहे."

"नाही गं. ती नगरपालिकेची आहे."

हे तो विनोद म्हणून बोलला. मी हसले नाही, तोही हसला नाही.

बक्षीस मिळालं नाही. पण आठवडाभरात आख्ख्या बेटानं तो तुकडा मोबाइलवर पाहिला. 'घंटागाडीवाला गायक' असं बारसंच झालं त्याचं. टीव्हीवाल्यांचे फोन आले. वर्षाखेरीच्या मेजवान्यांत कर्मचाऱ्यांसमोर गायला कंपन्या बोलावू लागल्या.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"बारा वर्षं गातोय मी. पहिल्यांदाच लोक माझ्याबरोबर गातायत, शिनपै."

"तुझ्याबरोबर गात नाहीत, तुझ्यावर हसतायत."

"फरक काय पडतो?" तो म्हणाला. पण त्याचा चेहरा सांगत होता की त्यालाच सगळ्यात जास्त पडतो.

एका मेजवानीला मी गेले. प्रत्येक गोल टेबलावर, वाफाळत्या माशाच्या बाजूला, एकेक रिकामी कचऱ्याची पिशवी घडी घालून ठेवलेली. आछुआनला त्यांनी सफाई कामगाराचा नारिंगी अंगरखा घालायला लावला होता. तो गायला, लोकांनी पिशव्या फडकावल्या. मग त्यानं दुसरं गाणं सुरू केलं, त्याच्या आजीवरचं, ज्यावर मी दर वेळी रडते. "गाडी! गाडी लाव!" लोक ओरडले. त्यानं आजीचं गाणं अर्ध्यात सोडलं आणि परत गाडी लावली. मी उठून बाहेर गेले आणि हॉटेलच्या छपराखाली उभी राहून ढसाढसा रडले. माणूस हरला की त्याला धीर देता येतो. असा जिंकला की काय बोलायचं?

नव्या वर्षाचा सण संपला. एका संध्याकाळी मी पिशव्या घेऊन गल्लीत उभी होते आणि तो चढावरून खाली आला. धावत नाही, चालत. एका हातात कचरा, दुसऱ्या हातात गिटार.

"परवाचं विमान आहे," तो म्हणाला.

मला माहीत होतंच. "मी तुला आवडते की नाही? एवढंच सांग."

"आवडतेस. तेच तर…" त्यानं माझ्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला आणि नजर खाली वळवली. "तुझ्याकडे बघितलं की मला तो किनारा हसताना ऐकू येतो. तुझी काही चूक नाही. तू पुढे बसली होतीस, मीच बसवलं होतं. पण मी काय करू? मी तुझ्यावर गाणं केलं, आणि आता तू आणि ते… वेगळंच होत नाही."

"मग नको गाऊस. आमच्या दुकानात धिरडी टाक. मी शिकवते. आई तर आनंदानं नाचेल."

"आणि रोज संध्याकाळी?"

तेवढ्यात ती आलीच. टिणटिणत, वळणावरून, पिवळा दिवा फिरवत. गल्लीतले लोक पुढे झाले. कुणीतरी त्याला ओळखून हसलं, "वा, गायकसाहेब, तुमचीच गाडी!" आछुआननं कचरा टाकला आणि मग गिटार पुढे केली.

गाडीवरच्या माणसानं हात आडवा केला. "हे नाही चालत. मोठं सामान आहे. आधी फोन करून नोंद करायची, मग वेगळी गाडी येते."

"लाकूडच आहे हो," आछुआन म्हणाला.

"नियम आहे, भाऊ."

गाडी पुढे गेली. आम्ही दोघं गिटार मधे धरून पावसात उभे. आणि काय सांगू, आम्हाला हसू आलं. खूप हसलो, अगदी पहिल्या दिवसासारखे, आणि हसता हसता तो कधी रडायला लागला ते मला समजलंच नाही. मी त्याचं डोकं छातीशी धरून ठेवलं. गल्ली रिकामी झाली तरी सोडलं नाही.

"ठेव तुझ्याकडे," शेवटी तो म्हणाला. "फोन करून नोंद कर."

"करेन."

पत्र नाही, फोन नाही. सुरुवातीला तेवढे मोबाइलवर त्याचे दोन-चार निरोप आले: उकाडा आहे, जेवण बरं आहे, मामा ओरडतो. मग तेही थांबले. प्रेमात पोळलेले लोक म्हणे ठरावीक गाणी ऐकायची टाळतात. मला ती सोय नाही. माझं गाणं रोज संध्याकाळी दारात येतं आणि मला हातातलं टाकून खाली उतरावंच लागतं.

परवा छिंगमिंगचा सण होता. बाहेरगावची सगळी पोरं पितरांच्या थडग्यांवरचं गवत काढायला गावी आलेली, दुकानात ही झुंबड. आईचा गुडघा दुखतो म्हणून तव्यावर मी एकटीच. हात धिरड्यावर, डोळे तेलावर. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"देखण्या, काय देऊ?" मी म्हटलं.

मी मान वर केली.

कारखान्याचं नाव शिवलेला निळा शर्ट. अंगानं भरलेला. केस विंचरलेले. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि मग निवलं. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं, धिरडं करपायला लागलं.

"मी… मी बघितलं नव्हतं रे," मी म्हटलं.

"असू दे. किती मागे लागलो होतो त्यासाठी." तो हसला. "मुळ्याची वडी दे. आणि सोयाबीनचं दूध, कमी गोड."

मी वडी दिली. एक जास्त टाकली. तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसून खाली मान घालून खात राहिला. पैसे द्यायला तव्यापाशी आला तेव्हा म्हणाला, "नोंद केलीस?"

"फोन लागत नाही त्यांचा."

"अजून?"

"अजून."

त्यानं मान हलवली. काहीतरी बोलणार होता… मागच्या माणसानं त्याला पुढे सरकायला सांगितलं, आणि तो सरकला. दारात त्यानं छत्री उघडली. मी ओरडून हाक मारली असती. पण समोर रांग होती, आणि जी हाक त्याला कधीच मारायची नव्हती ती आधीच मारून झाली होती.

संध्याकाळी पाऊस होताच. लांबून टिणटिण ऐकू आली तशी आई आतून म्हणाली, "शिनपै, काय पुटपुटतेस गं?"

थांब जरा, आलो मी, आलो खाली…

"काही नाही," मी म्हटलं. "पिशवी दे. गाडी आली."